विज्ञानपटातील ॲक्शन : काय प्रत्यक्ष घडवावे आणि काय संगणकावर सोपवावे (मराठवाड्यातील नवख्या लघुपटकारांसाठी मार्गदर्शक)

लातूर, परभणी, जालना किंवा छत्रपती संभाजीनगरात राहून विज्ञानकथेवर ॲक्शन लघुपट करू पाहणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा असतो. यंत्रमानव कोणत्या प्रोग्राममध्ये करावा आणि स्फोटाची तयार चित्रफीत कुठून उतरवून घ्यावी, हे त्यांना हवे असते. हा प्रश्न चुकीचा नाही, परंतु तो पुष्कळ नंतरचा आहे. कोणती गोष्ट कॅमेऱ्यासमोर खरोखर घडवायची आणि कोणती संगणकावर तयार करायची, हा निर्णय चित्रीकरणापूर्वी झाला नाही, तर पुढे कितीही चांगला संगणक मिळाला तरी शॉट सावरत नाही. आमच्या गटाने असे लघुपट करताना जी पद्धत हळूहळू बसवली, ती येथे क्रमाने देत आहे.

१. दोन्ही तंत्रांत भांडण आहे, ही समजूत आधी सोडा

'प्रत्यक्ष परिणाम तेवढे अस्सल आणि संगणकीय प्रतिमा नकली' असे म्हणणारे जसे भेटतात, तसेच 'आता सगळे संगणकावरच होते' असे सांगणारेही भेटतात. ज्या चित्रपटांचे दाखले दोन्ही बाजू देतात, ते पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. १९९१ च्या 'टर्मिनेटर २' मधील वितळलेल्या धातूचा खलनायक संगणकीय प्रतिमांचा मैलाचा दगड मानला जातो. परंतु गोळी लागताच त्याच्या छातीवर उमलणाऱ्या चकचकीत जखमा शर्टाखाली बसवलेल्या, दुरून उघडता येणाऱ्या यांत्रिक वस्तू होत्या. १९९३ च्या 'जुरासिक पार्क' मध्ये डायनासोर पडद्यावर साधारण १५ मिनिटे दिसतात आणि त्यातील निम्म्याहून कमी वेळ ते संगणकावर तयार केलेले आहेत. उरलेल्या वेळी स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत घडवलेले यांत्रिक प्राणी कॅमेऱ्यासमोर उभे होते. उलट बाजूने पाहायचे, तर नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या पळवल्याबद्दल वाखाणल्या गेलेल्या २०१५ च्या 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड' मध्ये संगणकीय काम झालेले शॉट सुमारे २,००० आहेत.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. जादूचे प्रयोग करणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये आणि प्रभातच्या मंडळींनी १९३६ च्या 'संत तुकाराम' मध्ये जे चमत्कार पडद्यावर आणले, ते कॅमेरा, काच, दोरी, रंगकाम आणि दुहेरी मुद्रण यांच्या हिशेबी मिश्रणातून आणले.

या सगळ्यातून मी जो नियम काढला आहे, तो असा : नटाच्या हाताला जे लागते, त्याच्या चेहऱ्यावर ज्याचा उजेड पडतो आणि त्याच्या पायाखाली जे हलते, ते प्रत्यक्ष असावे, त्यापलीकडचे आकारमान, संख्या आणि अंतर संगणकाने वाढवावे. पुढच्या सर्व पायऱ्या याच नियमाच्या आहेत.

२. पटकथेचे शॉटनिहाय विभाजन करा

एका वहीत प्रत्येक शॉटसाठी एक ओळ ठेवा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहा. या शॉटमध्ये काल्पनिक वस्तूला कोणी स्पर्श करते का? तिच्यापासून उजेड, वारा, धूळ किंवा पाणी नटापर्यंत पोहोचते का? कॅमेरा हलतो का, आणि हलत असेल तर किती? पहिल्या दोनपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल, तर वस्तूचा निदान तेवढा भाग तयार करावाच लागेल. तिसऱ्याचे उत्तर होकारार्थी असेल, तर पायरी ८ मधील नोंदी अनिवार्य समजा.

उदाहरणार्थ, वीस फुटी यंत्रमानव शेतातल्या विहिरीवरची मोटार उचलून फेकतो, असा प्रसंग आहे. पूर्ण यंत्रमानव बांधण्याची गरज नाही आणि पूर्ण यंत्रमानव संगणकावर करणेही शहाणपणाचे नाही. नायकाच्या खांद्यावर पडणारा पंजा खरा बनवा, पाऊल पडताच उडणारी माती खरी उडवा, नायकावरून सरकणारी सावली प्लायवूडच्या कापलेल्या तुकड्याने खरी पाडा आणि दूरवरून दिसणारी संपूर्ण आकृती तेवढी संगणकावर करा. प्रेक्षकाने पंजा जवळून पाहिलेला असला, की दूरची आकृतीही तो मान्य करतो.

३. साहित्य जमवा

मराठवाड्यात हे साहित्य मिळत नाही, हा गैरसमज आहे. ते चित्रपटसाहित्याच्या दुकानात मिळत नाही, इतकेच.

- सनबोर्ड (हलका, कडक फलक) फ्लेक्स छापणाऱ्यांकडे मिळतो आणि भिंती, पॅनेल, यानाचा अंतर्भाग यांसाठी तो उत्तम असतो.
- फोम शीट किंवा जुनी योगा मॅट चिलखतासाठी वापरावी. गरम हवेच्या गनने तिला हवा तो बाक देता येतो.
- भंगारच्या दुकानातून जुने मदरबोर्ड, मिक्सरचे भाग, गिअर, सायकलची चेन आणि ट्रॅक्टरचे निकामी सुटे भाग घ्यावेत. जालन्यासारख्या पोलाद उद्योगाच्या गावात तर निवडीला वाव आहे.
- गाडीची १२ व्होल्टची वायपर मोटार मान, हात किंवा जबडा हलवण्यासाठी पुरेशा ताकदीची असते.
- स्टीलच्या रेलिंगवर बसवतात तो चकचकीत पोकळ गोळा घ्यावा आणि तेवढ्याच आकाराचा दुसरा गोळा चमक नसलेल्या करड्या रंगाने रंगवून ठेवावा. यांचा उपयोग पायरी ८ मध्ये सांगितला आहे.
- हिरवे कापड, मोजपट्टी, रंगीत चिकटपट्टी, होकायंत्र आणि नोंदवही या वस्तू एका पेटीत कायम एकत्र असाव्यात.
- मोबाइल १२० आणि २४० फ्रेम प्रतिसेकंद (म्हणजे सेकंदाला तितकी चित्रे) चित्रण करणारा असावा, आणि कॅमेऱ्याच्या सर्व मांडण्या हाताने लावू देणारे ॲप त्यात असावे.
- संगणकावर त्रिमितीय आकृती तयार करणारे ब्लेंडर आणि संपादन-जोडकाम करणाऱ्या दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती असावी. सुरुवातीच्या कामाला या दोन गोष्टी पुरतात.

धूर सोडणारे यंत्र, ड्रोन आणि गिंबल (कॅमेरा न हलता धरून ठेवणारी मूठ) विकत घेऊ नका. लग्नाची सजावट आणि चित्रण करणाऱ्यांकडे ते असतात आणि लग्नसराई संपल्यावर भाड्याने सहज मिळतात.

४. हाताळायच्या वस्तू बनवा

या कामासाठी कोणाकडे जावे, तर गणेशोत्सवात हलते देखावे उभारणाऱ्या कारागिरांकडे. एका मोटारीच्या फेऱ्यावर, कप्पी आणि दोरीच्या साहाय्याने राक्षसाचे डोळे फिरवणे, नागाचा फणा डोलवणे, रथाची चाके फिरवणे हे काम ते वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि यांत्रिक प्राण्याचे मूळ तत्त्व याहून वेगळे नसते. साच्यासाठी मूर्तिकार आणि सांगाड्यासाठी गावातला वेल्डिंगवाला यांच्याशी बोला. त्यांच्यापुढे चित्रपटातली छायाचित्रे टाकून 'असेच करा' असे म्हणण्यापेक्षा कोणती हालचाल किती सेकंद आणि कोणत्या बाजूने दिसणार आहे, एवढे सांगा. कॅमेऱ्याला न दिसणारी बाजू बनवण्यात पैसा जाऊ देऊ नका. श्रेयनामावलीत या कारागिरांची नावे घाला.

येथे काही सापळे आहेत. थर्माकोलवर थेट स्प्रे रंग मारला, तर रंगातील द्रावक त्याला खाऊन टाकते, म्हणून आधी फेव्हिकॉल आणि डिस्टेंपरचा थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा. उघडा फोम पाणी शोषतो. 'जुरासिक पार्क' च्या पावसातल्या प्रसंगात महाकाय टी-रेक्सची फोमची कातडी भिजून जड झाली आणि यंत्र थरथरू लागले, तेव्हा शॉटच्या मधल्या वेळात ती टॉवेलने कोरडी करावी लागली होती. नव्या कोऱ्या रंगाची वस्तू कॅमेऱ्यात खेळण्यासारखी दिसते, त्यामुळे कडांवर घासलेला धातू, सांध्यांत काळे तेल आणि खालच्या भागावर आपल्याच मातीचा पातळ लेप अवश्य द्यावा. फोमचे चिलखत घालून उन्हात उभ्या असलेल्या नटाला उष्माघात होऊ शकतो, म्हणून ते झटपट काढता येईल असे बांधा आणि शॉट संपताच काढा.

५. मिनिएचरचे गणित समजून घ्या

लहान प्रतिकृती खोटी दिसते, ती बहुधा रंगामुळे नव्हे. ती खोटी दिसते ती वेगामुळे. वस्तू पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे १/१६ मापाची भिंत खऱ्या भिंतीच्या एकचतुर्थांश वेळात कोसळते आणि डोळा ते लगेच ओळखतो. उपाय असा, की मापाच्या छेदाचे वर्गमूळ काढून त्याने २४ ला (हा चित्रपटाचा नेहमीचा फ्रेम-वेग) गुणावे आणि तितक्या फ्रेम प्रतिसेकंद या वेगाने चित्रण करून ते २४ च्या वेगाने दाखवावे. १/४ मापाला ४८, १/१६ ला ९६, १/२५ ला १२० आणि १/१०० ला २४० हे आकडे येतात. मोबाइलवर १२० आणि २४० हे वेग उपलब्ध असल्याने १/२५ हे माप आपल्यासाठी सर्वांत सोयीचे आहे. त्या मापात पन्नास फुटी मनोरा दोन फुटांचा होतो आणि टेबलावर मावतो.

आता उजेडाचे पाहू. १२० फ्रेमसाठी २४ च्या पाचपट उजेड लागतो. घरातल्या दिव्यांत तो मिळत नाही, शिवाय पुष्कळ एलईडी दिवे या वेगाला लुकलुकताना दिसतात. म्हणून प्रतिकृती गच्चीवर किंवा अंगणात, उघड्या उन्हात मांडा. ज्या उन्हाने आपण एरवी हैराण होतो, ते या कामाला फुकट मिळालेला सर्वोत्तम दिवा आहे. मोबाइलचा लहान सेन्सरही येथे उपयोगी पडतो. मोठ्या कॅमेऱ्यात जवळच्या वस्तूची पार्श्वभूमी धूसर होऊन लहानपण उघडे पडते, तर मोबाइलमध्ये पुढचे-मागचे बरेचसे स्पष्ट राहते.

कॅमेऱ्याची उंचीही मापात आणा. साडेपाच फुटांवरची नजर १/२५ मापात सुमारे अडीच इंचांवर येते. मोबाइल उलटा धरला, की लेन्स जमिनीलगत जाते आणि तो मनोरा एकदम अंगावर आल्यासारखा उभा राहतो.

पाणी आणि आग मात्र मापात लहान होत नाहीत. थेंब थेंबाएवढाच राहतो आणि ज्योतीची जीभही तेवढीच राहते. त्यामुळे धरण फुटण्याचा प्रसंग १/२५ मध्ये करू नका. तो शक्य तितक्या मोठ्या मापात करा किंवा पाणी संगणकावर सोपवा.

६. धूळ, ठिणग्या आणि स्फोट

या पायरीवर मी कठोरपणे सांगतो : फटाके, सुतळी बॉम्ब, पेट्रोल आणि गॅस सिलिंडर यांचा वापर करू नका. स्फोटके हाताळण्यासाठी कायद्याने परवाना आणि प्रशिक्षित माणूस लागतो, आणि कापूस, कडबा किंवा वाळलेला ऊस जवळपास असलेल्या शिवारात एक ठिणगी कोणाचे तरी वर्षाचे उत्पन्न जाळू शकते.

स्फोटाचे दोन भाग करा. धूळ आणि मातीची ढेकळे खरी उडवा, आग संगणकावर जोडा. धुळीसाठी मुलतानी माती वापरतात. जगभरच्या चित्रीकरणांत हाच पदार्थ वापरला जातो. ती बारीक असते, हवेत तरंगते आणि उन्हात झळकते. पायाने दाबायच्या पंपाला रबरी नळी जोडून जमिनीत पुरलेल्या उथळ वाटीतून ती उडवता येते. कॉम्प्रेसरची हवा प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपमध्ये भरू नका, कारण असा पाइप दाबाखाली धारदार तुकडे होऊन फुटतो. धुळीच्या शॉटला कॅमेऱ्यामागच्या सर्वांनी मास्क लावावा आणि दम्याचा त्रास असणाऱ्याने दूर थांबावे. सिमेंट वापरू नये. मैदा किंवा पीठही वापरू नये, कारण पिठाची हवेतली धूळ ज्योतीजवळ स्फोटासारखी पेटते.

बंदुकीच्या नळीतला झोत संगणकावर सहज काढता येतो, परंतु त्याच क्षणी नटाच्या गालावर उजेड चमकला नाही, तर तो झोत चिकटवल्यासारखा वाटतो. म्हणून एकाने चौकटीबाहेरून एलईडी टॉर्च क्षणभर दाखवावी. असे खरे उजेड पुढच्या कामात फार मोठी मदत करतात. २०१४ च्या 'इंटरस्टेलर' मध्ये यानाच्या खिडक्यांबाहेर प्रोजेक्टरने अवकाशाची दृश्ये पाडली होती, ती यासाठीच. आपण तेच काम चारचाकीच्या काचेबाहेर मोठा टीव्ही ठेवून करू शकतो.

७. जागा आणि कागदपत्रे

परग्रहासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी जमीन, बेसाल्टच्या उघड्या खदानी, खडी केंद्रांचे ढिगारे आणि पाणी ओसरलेल्या जलाशयांचा गाळ ही दृश्ये अस्सल आहेत आणि पडद्यावर फारशी आलेली नाहीत. पावसाळा लागण्यापूर्वी हे काम उरका, कारण पहिल्या सरींनंतर भेगा बुजतात आणि उन्हाळ्यातला शॉट पुढच्या शॉटशी जुळत नाही.

खासगी शेत किंवा खदान असेल, तर मालकाचे लेखी संमतिपत्र आणि सातबारा उताऱ्याची प्रत घ्या. संमती देणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे उताऱ्यावरून कळते. देवगिरीचा किल्ला, वेरूळ आणि बीबी का मकबरा ही स्थळे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहेत आणि तेथे चित्रपटाच्या चित्रीकरणाला पूर्वपरवानगी लागते. पैठणचा नाथसागर परिसर पक्षी अभयारण्य असल्याने तेथे वन विभागाला विचारल्याशिवाय जाऊ नये. ड्रोनसाठी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ती जागा हिरव्या, पिवळ्या की लाल पट्ट्यात आहे, हे आधी पाहावे; चिकलठाणा विमानतळाच्या आसपास हे विशेष जपावे.

सोबत ठेवायच्या फाइलमध्ये कथेचा एक पानी सारांश, तारीख-वेळ-ठिकाण नमूद केलेला अर्ज आणि त्याची पोहोच, सर्वांच्या ओळखपत्रांच्या प्रती, कलाकारांची संमतिपत्रे आणि अल्पवयीन कलाकार असल्यास पालकांची संमती असावी. नकली शस्त्रे वापरणार असाल, तर त्यांची छायाचित्रे जोडून पोलीस ठाण्याला लेखी कळवा आणि ती प्रवासात झाकून न्या.

८. चित्रीकरणाच्या वेळी संगणकासाठी नोंदी घ्या

नवख्यांचे सर्वाधिक नुकसान या पायरीवर होते, कारण शॉट छान झाला या आनंदात पुढच्या जागेकडे धावण्याची घाई असते. प्रत्येक संगणकीय शॉटनंतर पुढील कामे केल्याशिवाय कॅमेरा हलवू नका.

पहिले काम रिकाम्या चौकटीचे. कोणीही नसताना तीच चौकट दहा सेकंद चित्रित करून ठेवा. दोऱ्या, काठ्या आणि आधार पुसताना तिचाच उपयोग होतो. त्यानंतर नट उभा होता त्याच जागी आधी करडा आणि मग चकचकीत गोळा धरून छायाचित्रे घ्या. करड्या गोळ्यावर सावली किती गडद आणि कोणत्या बाजूला आहे ते दिसते, आणि चकचकीत गोळ्यात भोवतालचा सगळा उजेड साठतो. चकचकीत गोळ्याचे छायाचित्र कमीअधिक उजेडाच्या मांडण्यांवर अनेकदा घ्या. ब्लेंडरमध्ये त्यांच्यापासूनच दृश्याचा प्रकाश उभा करता येतो. मग लेन्सची उंची, कॅमेऱ्याचा झुकाव, नटापर्यंतचे अंतर, लेन्स कोणती, वेळ काय आणि सूर्य होकायंत्रावर कोणत्या दिशेला, हे वहीत लिहा.

मोबाइलमध्ये फोकस, उजेड आणि रंगाची मांडणी कुलूपबंद असावी, फ्रेमचा वेग स्थिर असावा आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण बंद असावे. हे स्थिरीकरण प्रत्येक फ्रेम थोडी ओढूनताणून बसवते, त्यामुळे नंतर कॅमेऱ्याची हालचाल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला काही उमगत नाही. कॅमेरा हलणार असेल आणि मागे नुसते सपाट रान असेल, तर वेगवेगळ्या अंतरांवर दगड किंवा चिकटपट्टीच्या खुणा ठेवा. यंत्रमानवाच्या डोळ्यांच्या उंचीवर बांबूला चेंडू बांधून धरा, म्हणजे दोन नटांच्या नजरा दोन दिशांना जाणार नाहीत.

९. हिरवे कापड

नटामागे हिरवे कापड लावून नंतर संगणकावर त्या जागी दुसरी पार्श्वभूमी बसवणे शक्यतो टाळावे, असे माझे मत आहे. कडेला केस, उडती ओढणी किंवा धूळ असेल तरच ते वापरा. कापडाला सुरकुती नको, त्याच्यावरचा उजेड सर्वत्र सारखा हवा आणि नट त्यापासून सहा-आठ फूट पुढे हवा, नाहीतर त्याच्या मानेवर आणि खांद्यांवर हिरवी झाक चढते. हिरव्या काठाची साडी, हिरवा चुडा किंवा पिकाची पार्श्वभूमी असेल तर निळे कापड लावा.

१०. संगणकावर

ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याची हालचाल शोधायला निदान आठ बिंदू लागतात. ते जवळ, मध्ये आणि दूर असे विखुरलेले असावेत, आणि ब्लेंडर दाखवतो तो त्रुटीचा आकडा (सॉल्व्ह एरर) एका पिक्सेलच्या आत आल्याशिवाय पुढे जाऊ नये. वस्तूची रचना करताना आधी बनवलेल्या खऱ्या पंजाची सर्व बाजूंनी छायाचित्रे घेऊन त्यांचाच रंग आणि पोत चढवा.

रेंडर, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्रे तयार करून घेणे, कधीही थेट व्हिडिओ फाइलमध्ये करू नका. पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम असतात. एका फ्रेमला चार मिनिटे लागली, तर एकूण आठ तास होतात. एवढ्या वेळात आपल्याकडे वीज जाण्याची शक्यता धरूनच चालावे लागते, आणि अर्धवट राहिलेली व्हिडिओ फाइल बहुधा उघडतही नाही. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठवा आणि 'ओव्हरराइट' चा पर्याय बंद ठेवा, म्हणजे वीज परत आल्यावर झालेल्या फ्रेम सोडून काम पुढे सुरू होते.

११. दोन्ही एकत्र बसवा

जोडलेली वस्तू वेगळी दिसत असेल, तर आधी तिचा काळा रंग तपासा. आपल्याकडच्या धुरकट उन्हाळी हवेत दूरची सावली कधीच पूर्ण काळी नसते; ती करडी, किंचित पिवळसर असते. संगणकीय यंत्रमानवाची सावली कोळशासारखी काळी राहिली, तर तो शेतात उभा न राहता चित्रावर चिकटलेला दिसतो. त्यानंतर कडांची धार, हालचालीतला धूसरपणा आणि कॅमेऱ्याचा कणीदारपणा जुळवा. शेवटी, काळ्या पडद्यासमोर वेगळी चित्रित केलेली खरी धूळ यंत्रमानवाच्या पुढून एकदा जाऊ द्या. आकृतीच्या मागे आणि पुढे अशा दोन्ही बाजूंना खरे काही असले, की मधली प्रतिमा त्या जागेत बसते.

तयार शॉट मोबाइलवर आणि प्रोजेक्टरवर असा दोन्हीकडे पाहा. ज्याने चित्रीकरण पाहिलेले नाही, अशा कोणाला तरी तो दाखवा. 'खरे वाटते का' असे विचारू नका, कारण त्या प्रश्नाने पाहणारा लगेच चूक शोधू लागतो. प्रसंगात काय घडले, एवढेच सांगायला लावा. सांगताना तो यंत्रमानवाच्या रागाबद्दल बोलला तर शॉट ठेवा, आणि त्याच्या रंगाबद्दल बोलला तर वहीतील त्या शॉटची ओळ पुन्हा उघडा.